शोअर अठ्ठावन्न

भोसरीत आम्ही ऑइल सील बनवतो.
रबर किती कठीण, हे सांगणं माझं काम.
बावीस वर्षं मापकाची सुई रबरात रोवायची,
काटा थांबला की आकडा वहीत.

म्हणून नाना पेठेत तांबोळींच्या दुकानात
खिशातून मी मापक काढलं, तेव्हा त्यांचा पोरगा हसला.
"काका, टायरचं बीपी बघताय?"

पहिला : सत्तर. बाजूवर कोरलेलं, चारशे चाळीस.
"हा तुमच्या मुलीच्या लग्नापर्यंत जाईल," तांबोळी म्हणाले.
दुसरा : अठ्ठावन्न. बाजूवर दोनशे.
अंगठ्याचं नख दाबलं तर खूण उमटते
आणि सावकाश भरून येते,
मळून ठेवलेल्या कणकेसारखी.
"आणि हा?"
"हा पुढच्या दिवाळीपर्यंत. तेही
रोज भोसरीला नेली नाहीत तर."
तिसरा माडीवर होता, गोणपाटात.
तो त्यांनी खाली आणलाच नाही. माझ्याकडे बघून
त्यांनीही काहीतरी मोजलं असणार.

दुसऱ्या रविवारी चऱ्होलीच्या पुढे
एका गोदामवाल्याच्या रिकाम्या काँक्रिटवर
आम्ही नारिंगी शंकू मांडतो.
एका वेळी एकच गाडी. स्पर्धा घड्याळाशी,
असं म्हणायचं.
माझी एस्टीम, सत्त्याण्णवची : बावन्न पॉइंट सहा.
शर्वाणी गुंजाळ, फिजिओथेरपीचं तिसरं वर्ष,
आईची झेन, मागचे दोन्ही टायर गोटा झालेले :
एकावन्न पॉइंट चार.

डेंगळे स्टॉपवॉच पुसत म्हणाले,
"टायर ओरडतोय म्हणजे बोलतोय तुझ्याशी.
ऐक की जरा.
स्टिअरिंग आहे ते. जातं नाही."

चार टायर, तीस हजार आठशे.
वृंदानं भाजी निवडता निवडता विचारलं,
किती वाचेल?
म्हटलं, एक सेकंद. फार तर दीड.
"मग त्या सेकंदाचं तू काय करणार?"
पुण्यात जन्मलो, पण उत्तर सुचलं नाही.

घेतले.
हवा बत्तीसवरून एकोणतीसवर आणली,
खांद्यावर खडूच्या रेघा ओढल्या :
जिथपर्यंत पुसल्या जातील
तिथपर्यंत टायर आडवा होतो.
पहिली फेरी गार. दुसरीत रबराला वास सुटला,
आणि तिसरीत
गाडी वळली.
एवढंच. जिथे सांगितलं तिथे वळली,
बरगड्या दाराकडे गेल्या, आणि कुठेही
आवाज नाही.
सत्तरचा टायर कुरकुरायचा, मग किंचाळायचा,
मग सोडायचा. एवढं सांगून कोण सोडतं!
हा गप्प. गप्प. गप्प.
शेवटून दुसऱ्या शंकूला
एकदम हात सोडला.

पन्नास पॉइंट नऊ.
अधिक शंकूचे दोन.
डेंगळ्यांनी बेरीज मोठ्यानं केली नाही,
हा त्यांचा चांगुलपणा.
शर्वाणी वाकून माझे टायर बघत होती.
"भारी आहेत, काका," म्हणाली,
आणि हातानं रबर चाचपलं, आजाऱ्याचा गुडघा चाचपावा तसं.

येताना नाशिक फाट्यापर्यंत तीसच्या वर गेलो नाही.
मऊ, तापलेल्या रबरानं वाटभर खडी उचलली,
चाकाच्या घरात ती टिकटिकत राहिली.
सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ट्यूबलाइटखाली
उकिडवा बसून स्क्रूड्रायव्हरनं एकेक खडा काढला.
कुलकर्णी दूध घेऊन चालले होते, "पंक्चर का?"
"नाही."
डाव्या पुढच्याच्या खाचेत
नखाएवढं नारिंगी प्लास्टिक.
ते मी खिशात टाकलं.

टायर गार झाल्यावर सुई रोवली.
काटा अठ्ठावन्नवर थांबला नाही.
साठ.
एका दुपारीत दोन.
पुन्हा रोवली. साठच.

वही गाडीतच होती. तारीख घातली.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ
पेन टेकवून बसलो.